गव्हातल्या तांबेरा-प्रतिकाराची जनुकं शोधताय? या चुका टाळा

तांबेऱ्याच्या प्रतिकारावर नव्याने काम सुरू केलेले लोक आपले तक्ते आणि पानांचे फोटो घेऊन माझ्याकडे येतात. चुका दरवर्षी त्याच असतात आणि बहुतेकींचं मूळही एकच असतं: पान पाहिलं म्हणजे जनुक कळलं, असं त्यांना वाटतं. पान स्वच्छ राहणार की फोडांनी भरणार हे गव्हाचं जनुक, बुरशीचा प्रकार आणि त्या दिवसांतलं तापमान मिळून ठरवतात. यातलं एकच पाहून लिहिलेला निष्कर्ष मी वाचतसुद्धा नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे रोपांच्या चाचणीवरच निकाल लावणं. ट्रेमधल्या कोवळ्या रोपांवर बीजाणू टाकायचे, दोन आठवड्यांनी फोड बघायचे आणि मोठे फोड आलेल्या ओळी बाद करायच्या. काम लवकर होतं म्हणून ही पद्धत सगळ्यांना आवडते. पण तिच्यात पानावरच्या तपकिरी तांबेऱ्याविरुद्धच्या एलआर ३४ सारखी जनुकं हातची जातात. सातव्या डी गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचं हे जनुक रोपात जवळजवळ गप्प असतं. झाड मोठं झालं की त्याचं काम फ्लॅग लीफवर, म्हणजे ओंबीखालच्या सगळ्यात वरच्या पानावर दिसतं, आणि तिथेही फोड येतातच, फक्त उशिरा, कमी आणि लहान. हेच जनुक पिवळा तांबेरा, खोडावरचा काळा तांबेरा आणि भुरी यांनाही आवर घालतं, म्हणून त्याला वायआर १८, एसआर ५७ आणि पीएम ३८ अशीही नावं आहेत. २००९ मध्ये त्याची रचना उलगडली. ते एबीसी ट्रान्सपोर्टर जातीचं, म्हणजे पेशीत पदार्थांची ने-आण करणारं प्रथिन बनवतं. शंभरहून अधिक वर्षं वाणांमध्ये असूनही ते टिकून आहे. असं जनुक दोन आठवड्यांच्या घाईपायी कचऱ्यात जातं याचा मला मनापासून राग येतो.

माझ्याच प्लॉटवर एकदा हे घडलं. नवीन आलेल्या मदतनिसाला मी रोगट झाडं काढायला सांगितलं आणि दुसऱ्या कामाला निघून गेलो. संध्याकाळी आलो तर बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग होता. त्यातल्या बहुतेकांच्या फ्लॅग लीफची टोकं वाळलेली होती. त्याला तो रोग वाटला. खरं तर टोकाचं ते वाळणं एलआर ३४ ची खूण असते, आणि तीच झाडं मला हवी होती. ही खूण त्याला आधी दाखवायची जबाबदारी माझी होती. मागच्या पिढीचं बी पाकिटांत राखलेलं होतं म्हणून काम वाचलं, पण पूर्ण हंगाम गेला. तेव्हापासून कापणीपर्यंत मी एकही झाड उपटू देत नाही, फक्त रंगीत दोरा बांधतो. आणि प्रत्येक पिढीचं थोडं बी राखल्याशिवाय पुढची पेरणी करत नाही.

काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या एसआर २ या जनुकाची गतही तशीच होते. ओंबीच्या तुसांवर आणि पेराखाली काळसर छटा दिसली की लोक बुरशीनाशकाकडे धावतात. एसआर २ असल्याची ती ओळख असू शकते. शिवाय हे जनुक अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलं तरच गुण दाखवतं, त्यामुळे पहिल्या संकरित पिढीत प्रतिकार शोधत बसू नका.

नोंदवहीत नुसतं 'तांबेरा-प्रतिकारक' असं लिहू नका. कोणता तांबेरा आणि त्याचा कोणता प्रकार, हे लिहिलंच पाहिजे. जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना हेरॉल्ड फ्लोर यांनी दाखवलं की झाडाचं प्रतिकारक जनुक बुरशीतल्या त्याच्या जोडीच्या जनुकाला ओळखतं. बुरशीचं ते जनुक बदललं की प्रतिकार संपला. राईकडून गव्हात आलेलं एसआर ३१ जगभर भरवशाचं मानलं जात होतं. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा काळा तांबेरा सापडला, तोच पुढे यूजी ९९ म्हणून ओळखला गेला. बुरशीचा प्रकार एकच राहावा म्हणून मी एकाच फोडापासून वाढवलेले बीजाणू वापरतो आणि प्रत्येक ट्रेमध्ये हमखास रोग घेणारं वाण लावतो. त्याच्यावर फोड आले नाहीत तर अख्खी ट्रे रद्द.

दुसरी माझ्या जिव्हारी लागणारी चूक म्हणजे गुणोत्तर जमेना की नवं जनुक कल्पून मोकळं होणं. एसआर ६ च्या एका संकराच्या दुसऱ्या पिढीत मला ३:१ ची, म्हणजे तीन प्रतिकारक रोपांमागे एक रोगी अशी अपेक्षा होती, पण प्रतिकारक रोपं फारच कमी निघाली. आकडे ९:७ शी छान जुळत होते. एकमेकांना पूरक अशी दोन जनुकं असावीत, असं मी लिहूनही टाकलं. मग तापमानाच्या नोंदी काढल्या. बीजाणू टाकल्यानंतरच्या दिवसांत काचघराचं कूलिंग बंद पडलं होतं. एसआर ६ साधारण २० अंशांना चांगलं काम करतं, २५ च्या पुढे ढेपाळतं. थंडाव्यात चाचणी पुन्हा केली आणि ३:१ मिळालं. आता कुणाचाही काय-वर्ग तक्ता (मिळालेले आकडे अपेक्षित गुणोत्तराशी जुळतात का हे तपासणारा) हातात घेण्याआधी मी तापमानाची वही मागतो.

तिसऱ्या पिढीची कुळं, म्हणजे दुसऱ्या पिढीतल्या एकेका झाडाची संतती, तपासताना रोपांत काटकसर करू नका. जनुक एकच आणि प्रभावी (डॉमिनंट, एकाच पालकाकडून आलं तरी गुण दाखवणारं) असेल, तर कुळात प्रतिकारक आणि रोगी अशी विभागणी असूनही तपासलेली आठही रोपं प्रतिकारक निघण्याची शक्यता १० टक्के असते. सोळा रोपं घेतली की ती १ टक्क्यावर येते. मी वीस घेतो.

मार्करची, म्हणजे जनुकाचा माग देणाऱ्या डीएनएवरच्या खुणेची, पट्टी दिसली म्हणून चाचणी टाळू नका. मार्कर जनुकाच्या शेजारी असेल तर दोघांची ताटातूट होऊ शकते. आणि कधी जनुक हजर असूनही मुकं असतं: एसआर ३१ सोबत राईकडून आलेलं पीएम ८ हे भुरीविरुद्धचं जनुक गव्हाच्या स्वतःच्या पीएम ३ मुळे दबून जाऊ शकतं. डीएनए बरोबर सांगतो, तरी पानावर भुरी येते.

सगळीकडे प्रतिकार प्रभावीच असेल असंही धरू नका. टीएसएन १ हे जनुक असलं की पानावर डाग पाडणाऱ्या बुरशीच्या (तांबेऱ्याच्या नव्हे) टॉक्स-ए या विषाला पान बळी पडतं. इथे प्रभावी असतं ते रोग घेणं, त्यामुळे दुसऱ्या पिढीत तीन रोगी आणि एक निरोगी दिसतात. तक्ता उलटा पडला म्हणून पाकिटांवरची लेबलं बदलणारे मी पाहिले आहेत.

ओंबीवरच्या फ्युजेरियम या बुरशीच्या रोगाविरुद्धचं एफएचबी १ हे जनुक तपासताना फवारणीवर थांबू नका. हे जनुक मुख्यतः रोगाचा ओंबीत पुढे पसरणारा प्रवास रोखतं, म्हणून फुलोऱ्यात ओंबीच्या मधल्या एकाच फुलात बीजाणूंचा थेंब सोडा आणि तिथून तो वर-खाली किती दाण्यांपर्यंत गेला ते मोजा.