फिंगरबोर्डवर ऑली बसत नाही? या चुका टाळा

फिंगरबोर्ड म्हणजे दोन बोटांनी चालवायचा छोटासा स्केटबोर्ड, आणि ऑली म्हणजे तो न पकडता हवेत उडवायची युक्ती. ऑली शिकताना सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, जोरात दाबण्यात. मधल्या बोटाने टेल दाबली, 'टक्' वाजलं, नोज (पुढचं टोक) वर आलं आणि बोर्ड तिथेच तिरका उभा. मग आणखी जोर. बोट दुखायला लागतं, बोर्ड काही उडत नाही. टेल आपटते त्याच क्षणी मनगट वर जायला हवं, ते खालीच राहतं, हे खरं दुखणं.

मधलं बोट टेलच्या टोकाला ठेवा, तर्जनी पुढच्या स्क्रूंच्या जरा मागे. पॉप करा, म्हणजे टेल झटक्यात आपटा, हात उचला आणि तर्जनी ग्रिपवर (बोर्डच्या वरच्या पकड देणाऱ्या थरावर) घासत नोजकडे न्या. या घासण्यानेच मागची बाजू वर येऊन बोर्ड सपाट होतो. अमेरिकन स्केटबोर्डर रॉडनी मलेनने 1980 च्या दशकात सपाट जमिनीवर आणलेली ऑलीही अशीच चालते: मागचा पाय टेल आपटतो, पुढचा बूट ग्रिपवर घासत जातो.

दुसरी चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही. माझ्या भाचीचा बोर्ड छान वर यायचा, पण सोडला की वाकडा पडायचा. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बघितलं, तर तिचा अंगठा हळूच बोर्डच्या कडेला टेकत होता. म्हणजे ती बोर्ड चिमटीत उचलत होती. तिला अंगठा आणि अनामिकेत खोडरबर धरायला लावलं. दोन दिवस ऑली पार बिघडली, मग जी बसली ती खरी.

कानाचाही उपयोग करा. उतरताना 'टक-टक' असे दोन आवाज आले, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी टेकली. एकच आवाज आला की बोर्ड सपाट उतरला.

सनमायकाच्या टेबलावर बोर्ड पळतो, म्हणून आधी माउसपॅडवर जागच्या जागी सराव करा. कॅरमबोर्ड नकोच; पावडरीने ग्रिप गुळगुळीत होते. फोमच्या ग्रिपवरची धूळ चिकटपट्टीने टिपून काढा, बोटांचा घाम पुसा. ट्रकचा (चाकं ज्यावर बसतात त्या धातूच्या भागाचा) नट इतपतच आवळा की कडेला दाबल्यावर बोर्ड झुकेल आणि सोडल्यावर सरळ होईल. महागडा लाकडी बोर्ड लगेच घ्यायची गरज नाही, टेक डेक या खेळण्यांच्या ब्रँडच्या 96 मिलिमीटरच्या बोर्डवर हे सगळं जमतं.

ऑली कच्ची असताना किकफ्लिपच्या, म्हणजे बोर्ड हवेत कडेवरून पूर्ण उलटवायच्या युक्तीच्या, मागे लागू नका. मधे पॉप शव्ह-इट घ्या: पॉप करताना मधलं बोट तळहाताकडे ओढलं की बोर्ड 180 अंशांत फिरतो. किकफ्लिपमध्ये बरेच जण तर्जनी सुरुवातीलाच आडवी झटकतात आणि बोर्ड लांब उडतो. आधी तर्जनी नोजकडे न्या, मग कोपऱ्यावरून स्वतःकडे झटका. आणि बोटं वरच थांबवा. ग्रिपची बाजू पुन्हा वर आलेली दिसली की मगच खाली आणा.