लहान विंग फॉइल बोर्ड घेण्याआधी स्वतःचं ओलं वजन करा

विंग फॉइल म्हणजे हातात हवा भरलेला पंख (विंग) धरून बोर्डावर उभं राहायचं, आणि वेग आला की बोर्डाखाली पाण्यात असलेला पंखांचा सांगाडा, म्हणजे फॉइल, बोर्डाला पाण्याच्या वर उचलतो. मागच्या वर्षी मे महिन्यात मी ७५ लिटरचा (म्हणजे पूर्ण बुडाला तर ७५ लिटर पाणी बाजूला सारणारा) बोर्ड घेतला आणि पहिले तीन दिवस मार्करमेअर या नेदरलँड्समधल्या मोठ्या तळ्याच्या पाण्यात म्हशीसारखा डुंबत बसलो. फरक इतकाच की म्हैस स्वखुशीने बसते. ज्याच्याकडून घेतला तो गडी ६५ किलोचा, लहानपणापासून विंडसर्फिंग केलेला. माझ्यासमोर त्याने पाण्यात उडी टाकली, एकदा विंग हलवली आणि गेला की वर. मी ८४ किलोचा, वय ४६, पोहायला शिकलो चिपळूणला आणि फॉइलवर उभा राहिलो ते इथे तळ्याकाठच्या होर्न गावी आल्यावर. त्याचं बघून मी पैसे मोजले, ही चूक माझीच.

तर ज्यांचा सुरुवातीचा टप्पा संपलाय, म्हणजे १२०-१३० लिटरच्या बोर्डावर आता कंटाळा यायला लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कंटाळ्याचं कारण तपासा. मोठा बोर्ड वाऱ्यात जड वाटतो, वळताना नाक उशिरा फिरतं, फॉइलवरून खाली टेकला की पाण्याला चिकटून बसतो, आणि वाऱ्याकडे कलवला की रुंद कड पाण्याला घासते. या तक्रारी असतील तर लहान बोर्डाने फरक पडेल. पण अडचण अशी असेल की १२ नॉटच्या (ताशी साधारण २२ किलोमीटर) वाऱ्यात वर येता येत नाही, तर बोर्ड लहान करून ती वाढेल. तिथे मोठी फ्रंट विंग (फॉइलचा पाण्यातला पुढचा पंख) लागते, किंवा पंपिंग, म्हणजे पायांनी आणि हातातल्या विंगने हिसके देत बोर्ड वर काढणं, शिकावं लागतं. तुमच्या किनाऱ्यावर बहुतेक दिवस १०-१४ नॉटच वारा असेल तर खुशाल मोठाच बोर्ड ठेवा. कोणी हसत नाही, आणि हसलं तरी तो पाण्यात बसलेला असेल आणि तुम्ही वर.

तयारी झाली आहे का, हे बघायला माझी एक साधी परीक्षा आहे. मोठ्या बोर्डावर उभं राहायचं, विंग डोक्यावर नुसती तरंगत धरायची, तिच्यावर अजिबात भार टाकायचा नाही, आणि ३० लाटा मोजायच्या. मार्करमेअर उथळ आहे, जेमतेम चारेक मीटर खोल, त्यामुळे वारा वाढला की लाटा आखूड आणि टोकदार येतात. त्यात ३० मोजून झाल्या आणि तुम्ही अजून पायांवर असाल तर पाय तयार आहेत. शिवाय दोन्ही बाजूंनी निघता आलं पाहिजे, आणि जिथून निघालो तिथेच परत येता आलं पाहिजे. बंधाऱ्यावरून बोर्ड खांद्यावर टाकून चालत यावं लागत असेल तर थोडं थांबा. जाइब (वारा पाठीशी घेऊन वळणं) पूर्ण फॉइलवर जमलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. मध्ये बोर्ड टेकला पण तुम्ही पडला नाहीत, एवढं पुरे.

आता लिटरचा हिशेब. दुकानात सांगतात, ‘तुमचं वजन अधिक दहा’. ठीक आहे, पण कुठलं वजन? सकाळी अंघोळीआधी काट्यावर दिसतं ते? मी ७५ लिटरचा धडा घेतल्यावर एक दिवस पाण्यावरून थेट घरी आलो आणि ५/४ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, बूट, इम्पॅक्ट व्हेस्ट (आपटल्यावर मार झेलणारं जाकीट), हेल्मेट अशा सगळ्या थाटात, पाणी गळत, बाथरूममधल्या काट्यावर उभा राहिलो. बायको दारातून म्हणाली, “अहो, फरशी कोण पुसणार?” काटा म्हणाला ९१. म्हणजे तब्बल सात किलो. वेटसूट तरंगतो हे खरं, पण तो पाण्यात असतो तेव्हाच. बोर्डावर उभं राहिलं की तो नुसता अंगावरचा बोजा.

या ९१मध्ये बोर्डाचे स्वतःचे ६ आणि मास्ट (उभा दांडा), फ्यूजलाज (त्याखालची आडवी दांडी) आणि फ्रंट विंग मिळून फॉइलचे ५ मिळवा. झाले १०२. हातातली विंग ३ किलोची असते, पण वारा असला की ती स्वतःचं ओझं स्वतः उचलते, म्हणून ती सोडून दिली. मार्करमेअर गोड्या पाण्याचं, तिथे १ लिटर म्हणजे १ किलो. फॉइल पाण्यात असतं, ते स्वतः लिटर-दोन लिटर पाणी बाजूला सारतं. म्हणजे ९५ लिटरच्या बोर्डावर मी उभा राहिलो तर साधारण पाच किलो जास्त. मग बुडतो का? पोटऱ्यांपर्यंत जातो आणि थांबतो, कारण दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात गेले की पाचेक लिटरची भर पडते. हेच गणित ७५ लिटरला लावा: २५ किलोची तूट, म्हणजे जवळजवळ कमरेपर्यंत पाणी. तीन दिवस मी तिथेच होतो.

समुद्रात हिशेब जरा सोपा होतो. खाऱ्या पाण्याचा १ लिटर १.०२५ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तोच ९५चा बोर्ड सव्वादोन-अडीच किलो जास्त पेलतो. ब्रौवर्सडॅमला, ग्रेव्हेलिंगनच्या खाऱ्या तळ्यावर जाऊन बोर्ड चालवून बघाल आणि घरच्या गोड्या पाण्यात आणाल, तर तेवढा फरक पायाला कळतो.

माझं मत असं की पहिला लहान बोर्ड पोटरीच्या वर बुडवणारा नसावा. कोरड्या वजनात १० ते १५ मिळवले की बहुतेक जण तिथे येतात; माझ्यासाठी ९५ ते १००. त्याच्यावर एक पूर्ण हंगाम काढल्यावर वजनाइतके लिटर, आणि हवा रोज २० नॉट वाहत असेल तर त्याहून १५-२० कमी. तो शेवटचा प्रकार म्हणजे बुडका बोर्ड. त्याच्यावर गुडघे टेकून पाण्याखालीच बसायचं, विंगला लोंबकळायचं, आणि पुढे सरकत सरकत बोर्ड वर येतो. कौशल्य म्हणून सुंदर आहे. पण मध्येच वारा पडला तर उभं राहून घरी येता येत नाही. बोर्डावर पालथं पडून हाताने वल्हवत यावं लागतं, आणि मार्करमेअर पार एन्कहाउझेन-लेलिस्टाडच्या बंधाऱ्यापर्यंत पसरलेलं आहे. म्हणून बोर्ड निवडताना आपला सर्वात चांगला दिवस डोळ्यासमोर आणू नका. दोन तास झालेत, मांड्या थरथरतायत, वारा २० वरून ११ वर आलाय आणि किनारा अर्धा किलोमीटर लांब आहे: त्या क्षणी ज्याच्यावर उभं राहता येईल तो बोर्ड घ्या.

लिटर सारखे असले तरी आकाराने बोर्ड वेगळा वागतो, आणि इथे खरी मजा आहे. माझा जुना १३०चा होता ६ फूट ४ इंच लांब, ३० इंच रुंद. ७५चा होता ४ फूट १० इंच, २४ रुंद. म्हणजे मी लिटर तर घटवलेच, पण लांबी दीड फुटाने कापली. आखूड बोर्डाला पुढून-मागून आधार नसतो. लाट आली की नाक खाली जातं आणि तुम्ही विंगसकट पुढे. लांब आणि अरुंद बोर्ड, ज्याला इथे सगळे मिडलेंथ म्हणतात, पाणी लवकर कापतो, थोड्या वाऱ्यात वेग धरतो आणि लवकर वर येतो. त्याची खोड म्हणजे तो डाव्या-उजव्या अंगाला डुलतो. लहानपणी दाभोळच्या खाडीत होडीत चढताना काका ओरडायचे, “मधे पाय टाक, मधे!” ते वाक्य मला २२ इंचाच्या बोर्डावर पहिल्यांदा नीट समजलं. पाय मधल्या रेषेपासून दोन बोटं सरकला की बोर्ड सांगतो.

मी एका शनिवारी भाड्याने दोन्ही घेऊन पाहिले. एक ९५ लिटर, ५ फूट ४ इंच, २५ रुंद. दुसरा तेवढ्याच लिटरचा, ६ फूट २ इंच, २१ रुंद. पहिला उभं राहायला सोपा, पण १४ नॉटमध्ये दहा वेळा पंप करूनही उठेना. दुसरा झटकन उठला, पण उठण्याआधी मी चार वेळा बाजूला कोसळलो. शेवटी घेतला मधला: ५ फूट ८ इंच, २३ रुंद. सोमवारी ऑफिसमध्ये जिना उतरताना कण्हत होतो, पण निर्णय पक्का झाला. भाड्याने चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका, एवढं माझं ऐका. बरीच दुकानं भाड्याची रक्कम पुढे किमतीतून वळती करतात. विचारायला लाजू नका. नवा कार्बन बोर्ड हजार युरोंच्या पुढेच असतो.

जुना घेणार असाल तर भारतात जाताना बॅगा तोलायचा तो हुकाचा काटा सोबत न्या. आपल्या प्रत्येकाच्या घरी असतो. पट्ट्याने बोर्ड लटकवा. कंपनीने ६ किलो सांगितलंय आणि काटा साडेसात दाखवतोय, तर बोर्ड पाणी प्यायलाय. मग मास्ट बसतो त्या दोन पट्ट्यांच्या खाचांभोवती अंगठ्याने दाबत फिरा. सगळा जोर तिथेच येतो. मऊ लागलं किंवा केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर नमस्कार करून निघा. बोटाच्या पेराने टकटक करा, आवाज एकदम बोदा झाला तर तिथे आतला थर सुटलाय. हवेचा छोटा स्क्रू जागेवर आहे ना, तेही बघा. बाकी ओरखडे, मळका पॅड, उडालेला रंग याकडे दुर्लक्ष करा आणि त्या नावाखाली भाव पाडा.

बोर्ड घरी आणला की बहुतेकांचा घोळ होतो तो मास्टच्या जागेचा. खाचांमधलं अंतर बहुधा सगळीकडे ९० मिलिमीटर, त्यामुळे जुनं फॉइल बसतं. पण जुन्या बोर्डावर शेपटीपासून मोजलेलं माप नव्यावर काही कामाचं नाही. पुढच्या पायापासून मोजा. जुन्या बोर्डावर फॉइलवर असताना पुढचा पाय जिथे असतो तिथे चिकटपट्टी लावा, तिथपासून मास्टच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. माझं ४५ सेंटीमीटर येतं. नव्या बोर्डावर ज्या जागी उभं राहणं सहज वाटतं तिथून तेवढंच अंतर ठेवा. पाण्यात गेल्यावर पुढच्या पायाने सतत दाबून धरावं लागत असेल तर मास्ट मागे घ्या. उलट मागचा पाय रेटूनही वर येत नसेल तर पुढे. एका वेळी एकच सेंटीमीटर, आणि प्रत्येक वेळी पेनाने खूण.

आणि बोर्ड बदलताना फॉइल बदलू नका. मी त्या मे महिन्यात दोन्ही बदलले होते, त्यामुळे पडल्यावर शिव्या कोणाला द्यायच्या तेच कळेना.

पहिल्या दिवसासाठी १८-२० नॉटचा सरळ वारा निवडा, झोतांनी कमीजास्त होणारा (गस्टी) नको. नेहमी ५ चौरस मीटरची विंग वापरत असाल तर त्याच वाऱ्यात थोडी मोठी न्या. वारा किनाऱ्याकडे तिरका येणारा असावा, म्हणजे फसलात तरी किनाऱ्यालाच लागाल. इकडे ऑगस्टमध्ये पाणवनस्पती इतक्या वाढतात की फॉइलला दाढी येते. अशा दिवशी नवा बोर्ड काढून स्वतःवर रागावू नका. तासाभराने बाहेर या, अजून दम असला तरी.

मोठा बोर्ड मात्र लगेच विकू नका. मी जूनमध्ये जाहिरात टाकली होती, नशिबाने गिऱ्हाईक आलं नाही. नोव्हेंबरमध्ये ६ मिलिमीटरचा सूट, टोपी, हातमोजे, जाड बूट चढवून मी पुन्हा काट्यावर उभा राहिलो, फरशीवर या वेळी जुनी चादर टाकून. ९४. उन्हाळ्यात पोटरीपर्यंत येणारं पाणी आता गुडघ्याला लागत होतं, आणि ते पाणी ८ अंशांचं होतं.