विनोदी मालिका, पटकथा आणि कॉमिक्स: गोव्यात राहून लेखनाचा व्यवसाय कसा उभारावा

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका, चित्रपट आणि कॉमिक्स या तिन्हींसाठी लिहून पोट भरू इच्छिणाऱ्याने आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. विनोद तोच असला, तरी हशा पिकण्याची जागा माध्यमागणिक बदलते आणि ती अचूक हेरता येणे हेच या व्यवसायाचे भांडवल असते.

गोव्यातील मराठी लेखकाला त्याची तालीम घराजवळच मिळते. देवळाच्या जत्रोत्सवात गावकरीच रंगवतात त्या नाटकासाठी एखादा छोटा फार्स लिहून द्यावा आणि प्रयोगाच्या रात्री विंगेत न थांबता सर्वांत मागच्या रांगेत बसावे. पेंगुळलेला प्रेक्षक कोणत्या वाक्याला सावरून बसतो, हशा ओसरण्याआधीच नटाने पुढचे वाक्य टाकले तर ते कसे वाया जाते, हे तिथे दिसते; ते संहितेच्या समासात टिपून ठेवावे. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत अवश्य उतरावे, मात्र परीक्षकांपेक्षा हा मागच्या रांगेतला प्रेक्षक अधिक कठोर असतो, असे माझे मत आहे.

त्यानंतर एकच प्रसंग तिन्ही माध्यमांसाठी लिहून पाहावा. समजा, एकमेकांशी अबोला धरलेले दोन साडू रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत समोरासमोर आले. मालिकेत हशा संवादातून यायला हवा. म्हणून तिसरे पात्र मध्ये घालावे आणि दोघांनी त्याच्यामार्फत भांडावे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटे हाती उरतात, तेव्हा प्रसंग लांबवण्याची चैन परवडत नाही. चित्रपटात मात्र संवाद काढून टाकावेत: एक साडू घाईघाईने स्कूटर उलटी फिरवतो आणि त्याच क्षणी बोटीची फळी वर उचलली जाते. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असल्याने हे सारे पाव-अर्ध्या पानात बसले पाहिजे.

कॉमिक्समध्ये हालचाल नसते, वेळही वाचकाच्या हातात असतो. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत पहिला साडू सुटकेचा नि:श्वास टाकताना दाखवावा आणि दुसरा पान उलटल्यावरच दिसावा. दोघे शेजारच्या चौकटींत काढले, तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाते आणि गंमत संपते. एका चौकटीत एकच कृती लिहावी, फुग्यातले शब्द मोजके ठेवावेत आणि पार्श्वभूमीची गर्दी चित्रकारावर सोपवावी. लोटलीच्या मारियो मिरांडांची चित्रे पाहिली, म्हणजे अशा गर्दीत किती विनोद मावतो ते कळते.

काम मिळवण्याचा भाग थोडक्यात सांगता येतो. नियमित मानधन प्रथम मालिकेतूनच मिळते. दुसऱ्यांच्या पात्रांसाठी, ठरल्या दिवशी, कुरकुर न करता फेरलेखन करून देणारा सहलेखक तिथे टिकतो. चित्रपटासाठी २००४ पासून गोव्यात भरणारा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आणि २००७ पासून त्याच्या जोडीने भरणारा फिल्म बाजार हा चित्रपट व्यवसायाचा मेळावा या संधी दाराशीच आहेत. तिथे निर्मात्यांना भेटताना जाडजूड संहितेऐवजी एका पानाचा सारांश हाती असावा.

कोणालाही वाचायला देण्यापूर्वी संहिता मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवावी. करारात हक्कांची मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्याने ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरताच हक्क दिला असे मानले जाते. त्या कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापराच्या रॉयल्टीतील समान वाटा पटकथालेखकाला सोडून देता येत नाही. कॉमिक्सला रॉयल्टीचे हे संरक्षण नाही. म्हणून पात्रांची मालकी, पुनर्मुद्रण आणि त्यावरून पुढे चित्रपट निघाल्यास मिळणारा वाटा ही तीन कलमे सहीपूर्वीच लेखी करून घ्यावीत.