फिशटँकच्या काचेच्या झाकणावरचे क्षार आणि शेवाळ कसे काढावे

झाकणाच्या खालच्या बाजूचा पांढरा थर आणि त्यात रुतलेले हिरवे शेवाळ, ही दोन दुखणी वेगळी आणि औषधेही वेगळी. पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. एअरस्टोनचे (टँकमध्ये हवा सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे फुटतात, शिंतोडे काचेला लागतात, पाणी उडून जाते, क्षार तिथेच राहतात. त्या खडबडीत थरात शेवाळाला पकड मिळते आणि डोक्यावर दिवा असतोच. क्षार तसेच ठेवून नुसते शेवाळ पुसले, तर ते लवकरच परत येते.

गोव्यात ओपा किंवा साळावलीचे नळाचे पाणी नदी-धरणाचे, म्हणून सहसा हलके, म्हणजे कमी क्षारांचे. तरीही भराभर क्षार जमत असतील तर आधी टँकमध्ये डोकावून बघा. मिरामार-कोलव्याहून आणलेले शंख-शिंपले सजावटीला ठेवलेत का? ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात. किनाऱ्यालगतची विहीर किंवा बोअरवेल वापरत असाल, तर तेही कारण असू शकते.

कामाला लागताना आधी दिव्याचा प्लग काढा. काच तापलेली असेल तर गार होऊ द्या, गरम काचेवर थंड पाणी पडले की तडा जाऊ शकतो. झाकण सिंकपाशी नेऊन जाड टॉवेलवर ठेवा. टँक उघडा सोडू नका, त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाका. फायटर आणि गप्पी हमखास उड्या मारतात.

आता थरावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसले तर व्हिनेगरने काम होईल. खाऱ्या पाण्याच्या टँकवरचा पांढरा थर बहुतेक वेळा निव्वळ मीठ असते, ते कोमट पाण्यानेच सुटते.

काच ओली करून सुटे शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. मग पांढरे व्हिनेगर घ्या, बाटलीवर ॲसिटिक ॲसिड ४ ते ५ टक्के लिहिलेले चालते. माडाच्या सुरेचे व्हिनेगर सोरपोतेल या गोव्याच्या मांसाहारी पदार्थालाच राहू द्या. त्याचा रंग आणि गाळ काचेवर नवे डाग पाडतो. व्हिनेगर नुसते ओतले तर ओघळून जाते. म्हणून त्यात भिजवलेले टिश्यू पेपर डागांवर अंथरा, वर प्लॅस्टिकची पिशवी पसरा आणि अर्धा तास थांबा. सगळी गंमत या थांबण्यात आहे. कागद सुकला तर ॲसिडचे काम थांबते आणि विरघळलेले क्षार पुन्हा काचेवर बसतात. थर जाड असेल तर २५० मिलि कोमट पाण्यात १ मोठा चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवून हीच क्रिया करा.

नंतर जुन्या टूथब्रशने घासा. उरलेले ठिपके नव्या ब्लेडने काढा: काच ओली, ब्लेड साधारण ३० अंशांत तिरके, एकाच दिशेने. सिलिकॉनच्या सांध्यापासून आणि प्लॅस्टिकच्या बिजागरीपासून ब्लेड दूर ठेवा. झाकण ॲक्रिलिकचे असेल तर ब्लेड नकोच, कायमचे ओरखडे उठतात.

बिजागरीच्या खाचेतले शेवाळ ब्रशने निघत नाही. व्हिनेगर पूर्ण धुऊन टाका आणि मगच तिथे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड लावा. मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचे मिळाले तर तेवढेच पाणी मिसळा. १० मिनिटांनी घासून धुवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. साबण, काच पुसायचे स्प्रे आणि टॉयलेट क्लीनरही वापरू नका, त्यांचा अंश माशांच्या जिवावर उठतो.

व्हिनेगरचा वास जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवा, सुती फडक्याने कोरडे करा, मगच बसवा. एवढे करूनही काच धुरकट दिसली आणि बोटाला गुळगुळीत लागली, तर ती काच झिजलेली आहे किंवा सिलिकाचा डाग आहे. तिथे व्हिनेगर वाया घालवू नका.

पुढे आठवड्यातून एकदा झाकणाची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसली तर ब्लेडची गरज सहसा पडत नाही. एअरस्टोन कडेला सरकवा, पाण्याची पातळी झाकणाखाली दोन-तीन सेंटिमीटर ठेवा, दिवा रोज ६ ते ८ तासच लावा. उडालेले पाणी भरून काढायला आरओचे पाणी वापरा, कारण उडते ते फक्त पाणी, क्षार टँकमध्येच साठत जातात. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की झाकण सुकतच नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा पुसा.