एसएसएचवरून ग्राफिकल प्रोग्राम उघडत नसेल तर

दूरच्या लिनक्स यंत्रावर एसएसएचने (सुरक्षित दूरस्थ जोडणीने) लॉगिन करून खिडकी असलेला प्रोग्राम चालवला आणि डिस्प्ले उघडता येत नसल्याचा संदेश आला, तर सर्वप्रथम त्याच सत्रात डिस्प्ले या पर्यावरण-चलाची (खिडकी कुठे दाखवायची हे प्रोग्रामला सांगणाऱ्या नोंदीची) किंमत पाहावी. ती ‘लोकलहोस्ट:१०.०’ अशा स्वरूपाची असल्यास एक्स-११ फॉरवर्डिंग, म्हणजे दूरच्या प्रोग्रामची खिडकी आपल्या पडद्यावर आणण्याची सोय, किमान सुरू झालेले असते. रिकामी असल्यास ते झालेलेच नसते. अशा वेळी ती किंमत हाताने भरण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे मार्ग तयार होत नाही, फक्त चूक झाकली जाते.

त्याऐवजी जोडणी करताना कॅपिटल एक्स (-X) हा पर्याय दिला होता का, सर्व्हरच्या, म्हणजे दूरच्या यंत्राच्या, एसएसएचडी कॉन्फिग फाइलमध्ये (एसएसएच सेवेच्या मांडणीच्या फाइलमध्ये) एक्स-११ फॉरवर्डिंगला परवानगी आहे का आणि सर्व्हरवर एक्सऑथ हा खिडकी उघडण्याची परवानगी सांभाळणारा प्रोग्राम आहे का, हे तपासावे. यांतील शेवटची गोष्ट, विशेषतः ग्राफिकल वातावरण न बसवलेल्या सर्व्हरवर, हमखास राहून जाते.

साधा वापरकर्ता असताना खिडकी उघडते आणि सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्राम चालवणारी आज्ञा) वापरताच नाकारली जाते, तेव्हा दोष बहुधा ओळख-कुकीचा, म्हणजे ती परवानगी सिद्ध करणाऱ्या गुप्त खुणेचा, असतो. ती मूळ वापरकर्त्याच्या एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये राहते आणि रूटला (प्रशासक खात्याला) सापडत नाही. काही वेळ व्यवस्थित चालून नंतर नव्या खिडक्या नाकारल्या जात असतील, तर अविश्वासू फॉरवर्डिंगची (दूरच्या प्रोग्रामला मर्यादित अधिकार देणाऱ्या प्रकाराची) मूळ मुदत २० मिनिटांची असते, हे लक्षात घ्यावे. कॅपिटल वाय (-Y) पर्यायाने ही मर्यादा जाते, मात्र तो पूर्ण विश्वासाच्या सर्व्हरपुरताच वापरावा, कारण त्या सर्व्हरवरील घुसखोराला आपल्या कळफलकावरील टंकनही वाचता येऊ शकते.