कॅज्युअल्टीत नंबर कसा लागतो, आणि थांबताना काय करायचं

बेळगावातल्या मोठ्या दवाखान्यांची कॅज्युअल्टी संध्याकाळी भरायला लागते. ओपीडी बंद झालेली असते, त्यामुळे साध्या तापाचे पेशंटही तिथेच येतात. त्यात खानापूर, चिकोडी, हुक्केरीकडून रेफर झालेले. पण खरी कोंडी बहुतेकदा दारात नसते, वॉर्डात असते. वॉर्डात खाट मोकळी नसली की ॲडमिट ठरलेला पेशंटही खालीच ट्रॉलीवर पडून राहतो, आणि मागून आलेल्याला ट्रॉलीच उरत नाही. काउंटरवरच्या सिस्टरशी भांडून ती खाट मोकळी होत नाही.

इथे नंबर आधी आला त्याचा नसतो, जास्त धोका ज्याला त्याचा असतो. त्यासाठी प्रत्येक पेशंटला एक रंग देतात. श्वास अडलेला, शुद्ध हरपलेला, रक्त थांबत नसलेला, छातीत कळ येऊन घामाघूम झालेला पेशंट लाल. त्याला लगेच आत घेतात. हाड मोडलंय पण बोलतोय, नाडी ठीक आहे, असा पिवळा. खरचटलेला, सर्दीतापाचा हिरवा, आणि हिरव्याला तासन् तास थांबावं लागू शकतं. हे रंग ठरतात पहिल्या दोन मिनिटांत, तुम्ही काय सांगता त्यावरून आणि नाडी, बीपी, ऑक्सिजन यांवरून. म्हणून "सकाळपासून बरं नाही" असं सांगू नका. काय होतंय, किती वाजता सुरू झालं, आधीचा आजार आणि चालू गोळ्या कोणत्या, एवढंच त्याच क्रमाने सांगा. "डावा हात गळला, तोंड वाकडं झालं, साडेसातला जेवताना सुरू झालं, बीपीची गोळी चालू आहे" हे ऐकल्यावर सिस्टरला आणखी विचारावं लागत नाही.

ड्यूटीवरच्यांना मराठी येत नसेल तर कन्नडमधले हे चार शब्द पुरतात: छातीत दुखतंय म्हणजे एदे नोवु, दम लागतोय म्हणजे उसिराट तोंदरे, साप चावला म्हणजे हावु कच्चिदे, शुद्ध नाही म्हणजे प्रज्ञे इल्ल. कागदावर लिहून खिशात ठेवा. घाईत जीभ अडखळते.

छातीत दुखत असेल तर केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका. एकाने पेपर काढावा, दुसऱ्याने पेशंटला थेट आत न्यावं आणि ईसीजी मागावा. तो आल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. लकव्यात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून निघण्यापूर्वीच फोन करून विचारा: सीटी आत्ता चालू आहे का? निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, कागवाडकरांना मिरज. अशा वेळी सीमेचा विचार नको, अंतर बघा.

सर्पदंशात मात्र मोठ्या दवाखान्याकडे धावू नका, आधी जवळचा गाठा. जांबोटी, कणकुंबीकडून थेट बेळगाव गाठायच्या नादात मोलाचा वेळ जातो. आधी खानापूरच्या तालुका दवाखान्यात जा. विष चढल्याची लक्षणं असली तर विष उतरवणारी लस तिथेच सुरू करता येते. पहिला डोस साधारण १० व्हायल्सचा (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्यांचा) असतो. रक्त गोठतंय का हे काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून बघतात, तेवढा वेळ थांबा. दोरी आवळून बांधू नका, चिरा मारू नका. पाय हलू न देता फळीला सैल बांधा. शेतातलं औषध पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. बाटली लेबलासकट सोबत आणा.

थांबताना एका नातेवाइकाने पेशंटजवळच राहायचं, बाकीच्यांनी बाहेर. ट्रॉलीभोवती सहा पाहुणे उभे असले तर डॉक्टरला पेशंट दिसत नाही. दर १५ मिनिटांनी श्वास मोजा: छाती वर येऊन खाली गेली की एक, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर. मोठ्या माणसाचे ३०च्या वर गेले, ओठ निळसर पडले, अंग गार पडून घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं किंवा हाका मारूनही डोळे उघडेनात, तर लगेच सिस्टरला सांगा: "आल्यापेक्षा बिघडलाय, मिनिटाला ३४ श्वास आहेत." हिरव्याचा लाल होतो तो असा, आणि गर्दीत ते सर्वात आधी तुम्हालाच दिसतं. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत चहा-पाणी तोंडात घालू नका. ऑपरेशन लागलं तर भरलेलं पोट घातक ठरतं, आणि शुद्ध कमी असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं.

पोलीस केस आहे म्हणून उपचार अडवले जात असतील तर एवढं ठाऊक असू द्या: १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. अपघाताच्या पेशंटला पोलीस येईपर्यंत थांबवता येत नाही. आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, सरकारी योजनेच्या काउंटरवर लागतं.

दुसरीकडे पाठवलं तर रेफर चिठ्ठी घेताना तीन गोष्टी तपासा: कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, शेवटचं बीपी किती, आणि पुढच्या दवाखान्यात कोणाशी बोलणं झालं. ते बोलणं झालेलं नसेल तर गाडीत बसण्याआधी डॉक्टरांना फोन करायची विनंती करा. खाट नसलेल्या दवाखान्याच्या दारातून परत फिरणं हा सगळ्यात महागडा उशीर असतो.