हायलँडरला छोटा ट्रेलर जोडताना

आमच्या गावी, कराडजवळ, ऊस कारखान्याला जायचा तेव्हा बैलगाडीत मोळ्या रचायचं काम आजोबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ, पुढे जास्त झालं की धुरजड. उलाळ गाडीचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, धुरजड गाडी मानेवर बसते. डेनव्हरमध्ये आम्ही कॅम्पिंगचा सोळा फुटी ट्रेलर घेतला आणि तेच गणित 'टंग वेट' या नावाने पुन्हा समोर आलं. ट्रेलरच्या भरलेल्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. बाकीची सगळी खरेदी या एका आकड्याभोवती फिरते.

आधी आपली गाडी नेमकी कोणती ते बघा. आमची २०१९ची टोयोटा हायलँडर व्ही-सिक्स आहे, फॅक्टरीतूनच टो पॅकेज (ट्रेलर ओढायची तयारी) आलेली, म्हणून ५,००० पौंड ओढते. त्याच वर्षीच्या हायब्रिडची मर्यादा ३,५०० आणि चार सिलिंडरवालीची फक्त १,५०० आहे. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मग ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आमचा आकडा १,३०० पौंड. आम्ही चौघे ४८०, हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याचं, लोखंड ४०, टंग वेट ४००. उरले ३८०, आणि त्यात कूलर, खुर्च्या, कुकर, तांदळाचा डबा, सगळं आलं. मध्यम एसयूव्हीची ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी हा आकडा संपतो, म्हणून ट्रेलर बघायला जाताना या स्टिकरचा फोटो सोबत न्या. विक्रेता सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. आमचा रिकामा २,६०० पौंडांचा. पाणी, बॅटरी, गॅस, अंथरुणं-पांघरुणं आणि भांडी धरून ३,३०० भरला.

हिच रिसीव्हर, म्हणजे गाडीखालचा हुक बसवायचा खोबणीचा भाग, क्लास थ्री, दोन इंची चौकोनी तोंडाचा घ्या. बॉल माउंट, म्हणजे त्यात सरकवायचा गोळ्याचा दांडा, अंदाजाने घेऊ नका. ट्रेलर सपाट जागेवर लेव्हल लावून उभा करा, कपलरची (गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाची) उंची मोजा, गाडीच्या रिसीव्हरची मोजा, आणि जो फरक येईल तेवढ्या ड्रॉपचा, म्हणजे तेवढा खाली उतरणारा, माउंट आणा. नाक वर करून चाललेला ट्रेलर डोलतो. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (हुकावरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारा) गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालतो असं लिहिलं असेल तरच लावा.

पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, ब्रेक कंट्रोलरवर, म्हणजे गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्रावर, नको. कोलोरॅडोत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात १,५००पासूनच. टाइम-डिलेवाला स्वस्त पडतो, पण तो ठरलेल्या जोराने ब्रेक लावतो, तुम्ही पेडल हळू दाबा की जोरात. प्रपोर्शनल घ्या, गाडी जितकी मंदावते तितकाच तो ट्रेलरला धरतो. त्यासाठी सात पिनांचं सॉकेट हवं, चार पिनांत फक्त दिवे चालतात. बॅटरीपासून २० ॲम्पिअरचा ब्रेकर घालून वेगळी वायर ओढावी लागते. हे मी जाणकार वायरिंगवाल्याकडून करून घेतलं. सेटिंग मात्र स्वतः करा: मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २५ मैलांवर कंट्रोलरची हातपट्टी पूर्ण दाबायची, ट्रेलरची चाकं लॉक व्हायला लागेपर्यंत जोर वाढवायचा, मग थोडा कमी करायचा.

पहिल्या सहलीला मी दोन सायकली मागच्या बंपरवर बांधल्या आणि पाण्याची टाकी काठोकाठ भरली. २० गॅलन म्हणजे १६६ पौंड, आणि आमची टाकी चाकांच्या मागे आहे. आय-२५वर मॉन्युमेंट हिलजवळ एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर डावीकडे, उजवीकडे ओढला जात होता. मागच्या सीटवर मुलं गप्प झाली होती. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरची हातपट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. तो सरळ होतो. घरी येऊन टंग मोजला तर २६० पौंड, म्हणजे आठ टक्के. चक्क उलाळ गाडी! आता सायकली गाडीच्या छपरावर जातात, टाकी कॅम्पवर पोहोचल्यावर भरतो, आणि डबाबंद सामान चाकांच्या पुढे.

वजनासाठी ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल, म्हणजे ट्रकांचा वजनकाटा, उत्तम. एकदा ट्रेलर जोडून, एकदा सोडून गाडी काट्यावर घ्या. माणसं-सामान दोन्ही वेळी तेच ठेवा. गाडीच्या चारही चाकांवरच्या वजनात जो फरक येतो तोच टंग वेट.

सेफ्टी चेन कपलरखालून एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे कपलर निसटलाच तर तो त्या झोळीत पडेल, रस्त्यावर टेकणार नाही. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची केबल चेनला न अडकवता गाडीलाच वेगळी अडकवा. आरशांना क्लिपचे जोड-आरसे लावा. चाक बदललं असेल तर ५० मैलांवर नट पुन्हा आवळा.

आय-७०वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. चढताना इंजिन दमतं, विरळ हवेत त्याची ताकद कमी होते. उजव्या लेनमध्ये सावकाश चढा आणि तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. खरी परीक्षा पलीकडे, सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर. तिथे ब्रेक निकामी होऊन बेफाम झालेले ट्रक थांबवायला खडीचे रॅम्प आहेत, यावरून उताराची कल्पना येईल. बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच गिअर खाली घ्या, वेग इंजिनाला धरू द्या. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ नीट दाबून लगेच सोडायचा, म्हणजे पुढच्या वळणापर्यंत डिस्क गार होतात.